बातमी जाते तिथे पैसा जातो

लातूर जिल्ह्यातले बाणेगाव मराठी माणसांनी उभारले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशा घरांनीच आतल्या माणसांचा जीव घेतला. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे पूर्णपणे नव्याने वसवायचे ठरले आणि त्यासाठी देशभरातून संस्था पुढे आल्या. त्यांत एक वर्तमानपत्र होते, केरळमधल्या कोट्टायमचे 'मलयाळ मनोरमा'. हजार किलोमीटरवरच्या, मराठीचा गंधही नसलेल्या वाचकांनी दिलेल्या पैशांतून या दैनिकाने बाणेगाव नव्याने बांधून दिले.

वर्तमानपत्राचे काम बातमी देण्याचे. मग ते घरे का बांधते? आणि ज्यांनी बाणेगावचे नावही कधी ऐकले नव्हते, त्यांनी आपल्या पगारातले पैसे या कामासाठी एका छापखान्याच्या हवाली का केले? आपत्ती आली की वर्तमानपत्रे, दूरचित्रवाहिन्या, रेडिओ, संगीत कंपन्या असे सगळेच मदतीचे आवाहन करतात. आपण ते पाहतो, कधी पैसे पाठवतो आणि विसरून जातो. त्या आवाहनामागे मात्र एक अख्खी यंत्रणा असते, आणि ती जितकी उपयोगी तितकीच वाकड्या वाटेने जाऊ शकणारीही असते.

माध्यम कंपनीची तिजोरी फार मोठी असते असे नाही. तिच्याकडे दोन गोष्टी असतात, ज्या सरकारकडे किंवा स्वयंसेवी संस्थेकडे त्या घडीला क्वचितच असतात. एक म्हणजे लाखो लोकांपर्यंत रोज पोहोचण्याची सोय. दुसरी म्हणजे रोजच्या सवयीतून तयार झालेला विश्वास. 'मुख्यमंत्री सहायता निधीत पैसे द्या' म्हटले की काहींच्या कपाळावर आठी येते. अनोळखी संस्थेचे नाव ऐकले की शंका येते. पण वीस वर्षे दारात पडणाऱ्या पेपरने हाक दिली, तर ती ओळखीच्या माणसाची वाटते.

भारतीय भाषिक वृत्तपत्रांची मदतनिधी उभारण्याची पद्धत साधारण ठरलेली आहे. आपत्तीनंतर एक-दोन दिवसांत पहिल्या पानावर आवाहन छापले जाते. पहिली रक्कम कंपनी स्वतः टाकते, कारण दुसऱ्याच्या खिशात हात घालण्यापूर्वी आपला खिसा रिकामा करावा लागतो. कर्मचारी एका दिवसाचा पगार देतात. मग वाचकांचे धनादेश, शाळांनी गोळा केलेली नाणी, गणेश मंडळांची वर्गणी, लग्नात अहेर टाळून दिलेली रक्कम असा ओघ सुरू होतो. जाहिरातींची जागा महागडी असते, पण निधीच्या आवाहनासाठी ती फुकट दिली जाते. कंपनीचा खरा खर्च बहुतेकदा हाच असतो.

या साऱ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे देणगीदारांची यादी. आतल्या पानावर, बारीक टाइपात, नाव, गाव आणि रक्कम अशी ओळीने छापलेली. वर एखाद्या सहकारी बँकेचे लाखभर रुपये, खाली कुणा निवृत्त शिक्षिकेचे पाचशे, त्याखाली चौथीच्या वर्गाचे दोनशे सत्तर. वाचायला कंटाळवाणी, पण एकाच वेळी तीन कामे करणारी. देणाऱ्याला ती पावती असते. वर्तमानपत्रावर ती पहारा असते, कारण आपले नाव सुटले किंवा रक्कम चुकली तर माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर होतो. आणि शेजाऱ्याला ती हळूच ढोसते: समोरच्या जोशींनी दिले, आपले नाव कुठे आहे? आजच्या क्यूआर कोडच्या काळात पैसे क्षणात जातात, पण ही सार्वजनिक यादी हरवली, आणि तिच्याबरोबर फुकटचे लेखापरीक्षणही हरवले.

पैसे जमल्यावर खरी परीक्षा सुरू होते. पत्रकारांना बांधकाम येत नाही, पुनर्वसन तर त्याहून येत नाही. म्हणून शहाणी वर्तमानपत्रे जाणकार संस्थेला सोबत घेतात. 'ईनाडू' हे तेलुगू दैनिक १९७४ मध्ये निघाले. तीनच वर्षांनी, १९ नोव्हेंबर १९७७ रोजी, आंध्रच्या दिवीसीमा भागावर चक्रीवादळ आदळले आणि समुद्राने गावेच्या गावे गिळली. 'ईनाडू'ने वाचकांकडून निधी जमवला आणि पालकायतिप्पा हे गाव रामकृष्ण मिशनच्या मदतीने पुन्हा उभे केले. चार दशकांनंतर, २०१८ च्या केरळच्या महापुरानंतर, याच समूहाने अलप्पुळा जिल्ह्यात १२१ घरे बांधली, तेव्हा सोबतीला 'कुटुंबश्री' ही केरळमधल्या महिला बचत गटांची चळवळ होती. पैसा वाचकांचा, नाव वर्तमानपत्राचे आणि काम जाणत्या हातांचे, ही विभागणी टिकाऊ ठरली. मराठीत 'सकाळ रिलीफ फंड' हे नाव वाचकांना परिचयाचे आहे.

अशा निधीसाठी वर्तमानपत्रे बहुधा वेगळी विश्वस्त संस्था नोंदवतात; त्यामागे नीटनेटक्या हिशेबाबरोबर कायद्याचेही कारण आहे. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा आपला २०१० चा कायदा, ज्याला सगळे 'एफसीआरए' म्हणतात, तो वर्तमानपत्राचे मालक, संपादक, प्रकाशक आणि वृत्तवाहिन्या चालवणाऱ्या कंपन्या यांना परदेशी देणगी घेण्यास थेट मनाई करतो. परक्या पैशाने बातमीला वळण लागू नये, हा त्यामागचा विचार. परिणाम असा की न्यू जर्सीत राहणाऱ्या, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला सांगलीच्या पूरग्रस्तांसाठी पैसे पाठवायचे असतील, तर ते वर्तमानपत्राच्या खात्यात जाऊ शकत नाहीत. त्यासाठी वेगळी संस्था हवी आणि तिच्याकडेही परदेशी देणगी घेण्याची सरकारी परवानगी हवी. भारतीय पासपोर्ट असलेल्या त्याच्या शेजाऱ्याने मात्र आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे कायद्याच्या लेखी परदेशी देणगी ठरत नाहीत. एकाच महाराष्ट्र मंडळातले दोन मित्र, एकाच दिवशी, एकाच कारणासाठी पैसे देतात; पण एकाचा मार्ग मोकळा आणि दुसऱ्याचा बंद.

वर्तमानपत्रांची ही पद्धत घरगुती म्हणावी अशी. दूरचित्रवाणीच्या बाबतीत सर्वांत शिस्तशीर व्यवस्था ब्रिटनने उभी केली. १९६३ मध्ये तिथल्या मोठ्या मदतसंस्थांनी एकत्र येऊन 'डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी' स्थापन केली. आज तिच्यात रेड क्रॉस, ऑक्सफॅम, सेव्ह द चिल्ड्रन, इस्लामिक रिलीफ अशा १५ संस्था आहेत. आपत्ती आली की प्रत्येक संस्थेने वाहिन्यांच्या दारात वेगळे जाऊन उभे राहायचे नाही. सर्वांच्या वतीने एकच आवाहन होते. बीबीसी, आयटीव्ही आणि इतर वाहिन्या ते फुकट दाखवतात. एखादा नामवंत कलाकार काही मिनिटे बोलतो, पडद्यावर एकच फोन क्रमांक झळकतो. जमलेला पैसा कुणाला किती मिळणार, हे प्रत्येक संस्थेच्या कुवतीनुसार आधीच ठरलेले असते. त्यामुळे प्रेते मोजली जात असताना वाटणीवरून भांडण होत नाही.

आवाहन कधी करायचे याच्याही तीन कसोट्या आहेत. आपत्ती तितकी मोठी आणि तातडीची हवी. सदस्य संस्थांना तिथे पोहोचून काम करता यायला हवे. आणि लोक पैसे देतील याची बऱ्यापैकी खात्री हवी. २००४ च्या डिसेंबरमधल्या त्सुनामीनंतर या एका आवाहनातून ३९ कोटी २० लाख पौंड जमले.

पण शिस्तीच्या या यंत्रालाही राजकारणाचा खडा लागतो. जानेवारी २००९ मध्ये गाझातल्या युद्धानंतर समितीने आवाहन तयार केले आणि बीबीसीने ते दाखवायला नकार दिला. महासंचालक मार्क थॉम्पसन यांचे म्हणणे असे की, युद्धाची बातमी आम्ही देत आहोत. एका बाजूच्या यातना दाखवून पैसे मागितले तर निःपक्षपातीपणावर डाग लागेल. स्काय न्यूजनेही नकार दिला; आयटीव्ही आणि चॅनल फोरने आवाहन दाखवले. बीबीसीकडे हजारो तक्रारी आल्या, इमारतीसमोर निदर्शने झाली. माजी मंत्री टोनी बेन यांना बीबीसीनेच मुलाखतीला बोलावले होते. त्यांनी थेट प्रक्षेपणात निधीचा पत्ता वाचून दाखवला. माध्यम कंपनी मदतीच्या कामात उतरते तेव्हा तिची दोन कर्तव्ये एकमेकांसमोर उभी राहू शकतात, हे त्या आठवड्यात सर्वांना दिसले. भूकंपाला बाजू नसते. युद्धाला असते.

करमणूक क्षेत्राचा धडा त्याहून जुना आहे. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आले. पुढच्या वर्षी युद्ध पेटले आणि लाखो निर्वासित भारतात आले. पंडित रविशंकर यांनी आपले मित्र, रॉक संगीतकार जॉर्ज हॅरिसन यांना मदतीची गळ घातली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' झाली. दोन खेळांच्या तिकिटांतून मिळालेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. खरे उत्पन्न ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून यायचे होते, आणि ते आलेही. पण कार्यक्रम ठरवताना धर्मादाय संस्थेशी आधी कागदोपत्री करार झाला नव्हता. त्यामुळे अमेरिकेच्या करखात्याने सवलत नाकारली आणि मोठी रक्कम वर्षानुवर्षे अडकून पडली. निर्वासितांच्या छावण्या उठल्या, नवा देश उभा राहिला, तरी हिशेब मिटला नव्हता. सद्भावनेला कागदपत्रांची जोड नसली की काय होते याचे हे उदाहरण. १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीच्या आयोजकांनी आधी ट्रस्ट नोंदवला, मग गाणी वाजवली.

एवढा सगळा खटाटोप उपयोगी पडतो का? पैसा बातमीमागे खरोखर जातो का? हे मोजून पाहिले गेले आहे. फिलिप ब्राउन आणि जेसिका मिन्टी या अमेरिकन अभ्यासकांनी त्सुनामीनंतर इंटरनेटवरून आलेल्या देणग्यांचा रोजचा हिशेब घेतला आणि तो त्या-त्या दिवसाच्या बातम्यांशी ताडून पाहिला. रात्रीच्या बातमीपत्रात त्सुनामीला एक मिनिट जास्त मिळाले, तर त्या दिवशीच्या देणग्या सरासरीच्या १३.२ टक्क्यांनी वाढत. मोठ्या दैनिकात सातशे शब्दांची आणखी एक बातमी आली, तर वाढ १८.२ टक्क्यांची. संपादकाने संध्याकाळच्या बैठकीत दिलेले एक मिनिट म्हणजे जणू देणगीच.

दुसरा अभ्यास अस्वस्थ करणारा आहे. थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे पाच हजार नैसर्गिक आपत्ती तपासल्या. अमेरिकी सरकारने कुणाला मदत केली आणि कुणाला नाही? आपत्ती ऑलिम्पिकच्या दिवसांत आली तर बातमीपत्रात तिला जागा कमी मिळाली आणि मदतीची शक्यताही घटली. ज्वालामुखीत एक माणूस मेला तर जेवढी बातमी होते, तेवढी बातमी व्हायला अन्नटंचाईत सुमारे चाळीस हजार माणसे मरावी लागतात, असे त्यांचे गणित सांगते. ज्वालामुखीला ज्वाळा असतात. उपासमारीला चित्र नसते, निदान उशीर होईपर्यंत नसते.

मराठवाड्याला हे सांगायला परदेशी अभ्यासक नकोत. १९९३ चा भूकंप काही सेकंदांचा होता आणि सकाळ होईपर्यंत देशाची बातमी झाला. त्याच लातूरमधला दुष्काळ वर्षानुवर्षे चालला. विहिरी आटल्या, टँकर लागले, नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत गेले. राष्ट्रीय वाहिन्यांचे कॅमेरे तिथे गर्दीने पोहोचले ते एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी निघाली तेव्हा. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी आणि 'जलदूत' हे नाव. गाडी दिसते, म्हणून बातमी होते. कोरडी विहीर रोज तशीच दिसते.

तिसरा अभ्यास देणाऱ्याच्या मनाचा आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी लोकांना पाच डॉलर मिळाले होते. त्यातले हवे तेवढे आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी द्यायचे होते. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचे छायाचित्र आणि गोष्ट दाखवली. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली, त्यांनी १.१४ डॉलर दिले. ज्यांना मुलगी आणि आकडे दोन्ही दाखवले, त्यांनी १.४३ दिले. आकडे आले की मन आखडते. म्हणूनच प्रत्येक आवाहनात एक चेहरा असतो. त्यात लबाडी आहे असे नाही, पण धोका आहे: चेहरा नसलेली गरज मागे पडते, आणि ज्या बालकाचा फोटो छापला त्याची संमती कुणी घेतली, हा प्रश्नही बहुधा मागेच पडतो.

२०१० हे वर्ष या सगळ्याचा ताळा करून देते. १२ जानेवारीला हैतीत भूकंप झाला. दहाच दिवसांत अमेरिकेतल्या प्रमुख वाहिन्यांनी एकाच वेळी 'होप फॉर हैती नाउ' हा कार्यक्रम दाखवला. मोबाइलवरून एक शब्द पाठवला की दहा डॉलर फोनच्या बिलात लागत; या मार्गाने अमेरिकन रेड क्रॉसकडे ३ कोटी २० लाख डॉलरहून जास्त रक्कम आली. त्याच वर्षी पावसाळ्यात पाकिस्तानात सिंधूला महापूर आला. सुमारे दोन कोटी लोकांना त्याची झळ बसली, हैतीपेक्षा किती तरी अधिक. ब्रिटिश समितीच्या हैती आवाहनाला १० कोटी ७० लाख पौंड मिळाले होते. पाकिस्तानच्या आवाहनाला ७ कोटी १० लाख. पूर हळूहळू उतरत गेला, मृतांचा आकडा तुलनेने कमी राहिला, आणि पाकिस्तान म्हटल्यावर लोकांच्या मनात आधीपासून काही शंका होत्याच.

हैतीच्या गोष्टीचा उत्तरार्ध माध्यमांच्या दुसऱ्या भूमिकेचा आहे. २०१५ मध्ये 'प्रोपब्लिका' ही शोधपत्रकारिता करणारी संस्था आणि अमेरिकेचा सार्वजनिक रेडिओ 'एनपीआर' यांनी मिळून रेड क्रॉसच्या हैतीतल्या कामाचा शोध घेतला. संस्थेकडे सुमारे पन्नास कोटी डॉलर आले होते. तिने बांधलेली कायमस्वरूपी घरे निघाली सहा. पैसा तात्पुरत्या निवाऱ्यावर, दुरुस्तीवर आणि इतर कामांवर गेला, असा खुलासा संस्थेने केला, आणि त्यात तथ्यही असेल. पण पाच वर्षांपूर्वी ज्या माध्यमविश्वाने 'पैसे द्या' म्हटले होते, त्यातल्याच काहींनी 'पैसे कुठे गेले' असे विचारले, ही खरी लोकसेवा. अडचण अशी की वर्तमानपत्राचा स्वतःचा निधी असतो तेव्हा हा प्रश्न विचारणारे कुणी उरत नाही. दुसऱ्याच्या घोटाळ्यावर अग्रलेख लिहिणारा पेपर स्वतःच्या निधीवर बातमीदार नेमत नाही. म्हणून बाहेरच्या हिशेब तपासनिसाचा अहवाल आणि तो छापण्याची तारीख, या दोन्ही गोष्टी आवाहनाच्या वेळीच जाहीर व्हायला हव्यात.

कधी कधी मदत म्हणजे 'पुरे' म्हणणे. त्सुनामीनंतर आठवडाभरातच 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने जाहीर केले की आमच्या त्या कामापुरते पैसे जमले आहेत, आता त्यासाठी देऊ नका. टीका झाली, पण ते प्रामाणिक होते. त्याच त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून इतके जुने कपडे येऊन पडले की त्यांचे ढीग हीच नवी डोकेदुखी झाली. पुढे 'गूंज' या संस्थेने ते गोळा करून कामी लावले. काय नको आहे, हे सांगणारी चार ओळींची बातमी अशा वेळी ट्रकभर सामानापेक्षा मोलाची ठरते.

भामट्यांपासून वाचवणे हेही आता त्याच कामात मोडते. मार्च २०२० मध्ये 'पीएम केअर्स' निधी जाहीर झाला आणि एक-दोन दिवसांतच दिल्ली पोलिसांना बनावट यूपीआय पत्ता सापडला. खऱ्या पत्त्यातले शेवटचे 'एस' हे अक्षर तेवढे गाळलेले होते. घाईत पैसे पाठवणाऱ्याला हे कसे कळणार? अशा वेळी बरोबर पत्ता ठळक छापणे आणि खोटा पत्ता खोडून दाखवणे, यात माध्यमाची खरी ताकद उपयोगी येते.

मग वाचकाने काय पाहावे? पैसे कुणाच्या नावे जात आहेत: कंपनीच्या की नोंदणीकृत संस्थेच्या? प्रत्यक्ष काम कोण करणार? पावती मिळणार का? शिल्लक उरली तर ती कुठे जाईल? मदतीच्या पिशवीवर वाहिनीचे बोधचिन्ह किती मोठे आहे, यावरूनही बरेच कळते. आणि सर्वांत साधी कसोटी म्हणजे वर्षभरानंतरचा पेपर. आपत्तीच्या पहिल्या वर्षदिनी तो पुन्हा त्या गावात गेला का, घरांना दारे लागली का ते पाहिले का, उरलेल्या रुपयांचा हिशेब छापला का? बातमी जाते तिथे पैसा जातो, हे आता आकड्यांनी सिद्ध आहे. तेव्हा जिथे पैसा गेला तिथे बातमीनेही परत गेले पाहिजे. ज्याने पहिल्या पानावर मागितले, त्याने हिशेबही पहिल्याच पानावर द्यावा.